जुनी वही कधी मिटायची?

संस्थेत नवं सॉफ्टवेअर आलं की पहिले पंधरा दिवस छान जातात. प्रशिक्षण होतं, सगळे माना डोलावतात, शेवटी ग्रुप फोटो निघतो, प्रत्येकाला लॉगिन मिळतं. तीन महिन्यांनी कुणाच्या टेबलाजवळ सहज थांबावं, तर जुनी नोंदवही जागच्या जागी आणि तिच्या शेजारी टॅब चार्जिंगला लावलेला.

"ताई, दोन्ही भरता?"

"वही माझ्या कामासाठी. ते टॅबवरचं वरच्यांसाठी."

बदल व्यवस्थापन नावाचा जो अवजड विषय आहे, त्याचं सार मला या उत्तरात सापडलं. सामाजिक संस्था नवं तंत्रज्ञान का घेतात, घेतलेलं रुजत का नाही, यावर भरपूर लिहिलं गेलंय. व्यवस्थापन-अभ्यासक जॉन कॉटर यांच्या बदल घडवण्याच्या आठ पायऱ्या आहेत, 'ॲडकार' नावाची पाच अक्षरी गुरुकिल्ली आहे, जिचं एकेक इंग्रजी अक्षर म्हणजे बदल स्वीकारण्याचा एकेक टप्पा. त्यात चुकीचं काही नाही, पण त्या पायऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या मापाने बांधलेल्या. बारा माणसांच्या संस्थेत बदलाची समिती, बदलाचा कार्यकारी गट आणि बदलाला विरोध करणारे अशी तीनही माणसं एकच असू शकतात, आणि चहाही तीच करतात. माझा अनुभव असा की अशा संस्थेत नवी गोष्ट सुरू करायला फारसं काही लागत नाही. जुनी कधी आणि कशी बंद करायची हे मात्र कुणी ठरवत नाही, आणि गाडी तिथे अडते.

कष्ट एकाचे, फायदा दुसऱ्याचा

१९८८ साली जोनाथन ग्रूडिन या संगणक-अभ्यासकाने एक प्रश्न हाती घेतला: अनेकांनी मिळून वापरायची सॉफ्टवेअरं इतक्या वेळा का फसतात? त्याच्या उदाहरणांपैकी एक होतं मीटिंग ठरवून देणाऱ्या कॅलेंडरचं. सगळ्यांचा दिनक्रम संगणकात असला की साहेबांना किंवा त्यांच्या सेक्रेटरीला मोकळी वेळ चुटकीसरशी सापडते. पण त्यासाठी बाकी प्रत्येकाने आपलं कॅलेंडर रोज नीट भरून ठेवायला हवं. फायदा मीटिंग बोलावणाऱ्याचा, राबायचं इतरांनी. साहजिकच इतर जण टाळतात, आणि अर्धवट भरलेलं कॅलेंडर कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही.

संस्थेत हे अंतर आणखी वाढतं. धंद्यात पैसे देणारा आणि माल घेणारा बहुधा एकच असतो; त्याला माल आवडला नाही तर तो दुसरीकडे जातो आणि धंद्याला ते लगेच जाणवतं. संस्थेत पैसे देतो देणगीदार, सेवा मिळते भलत्याच कुणाला आणि काम करते कार्यकर्ती. सॉफ्टवेअर आणलं जातं ते बहुतेक वेळा देणगीदाराच्या प्रश्नांसाठी: किती जणांपर्यंत पोहोचलात, किती सत्रं झाली, एका माणसामागे खर्च किती. प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांची उत्तरं गोळा करण्यात जो वेळ जातो तो कार्यकर्तीचा, आणि तिच्या पदरात पडतो महिनाअखेरचा एक रंगीत तक्ता, जो तिने कधी मागितलेला नव्हता.

१९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस या संशोधकांनी याच गोष्टीची दुसरी बाजू मांडली. माणूस एखादं तंत्रज्ञान स्वीकारेल की नाही हे दोन समजुतींवर बरंच अवलंबून असतं: हे माझ्या कामाला येईल का, आणि हे वापरायला सोपं आहे का. दोन्हींत पहिलीचं वजन जास्त, असं त्यांना आढळलं. वापरायला अवघड असलं तरी कामाचं असेल तर लोक शिकून घेतात. सोपं पण बिनकामाचं असेल तर शिकूनही सोडून देतात. आपली प्रशिक्षणं मात्र जवळजवळ सगळी दुसऱ्या समजुतीवर खर्च होतात. हे बटण दाबा, तो मेनू उघडा, पासवर्ड विसरलात तर इथे जा. "यामुळे तुमचं कोणतं काम कमी होणार आहे?" ही स्लाइड मी तरी फार कमी वेळा पाहिली आहे.

म्हणून फॉर्म बनवताना प्रत्येक रकान्यापुढे एक प्रश्न लिहून ठेवावा: हे भरणाऱ्याला परत काय मिळतं? सगळ्याच रकान्यांना उत्तर मिळणार नाही, पण दहांतल्या दोन-तीनांना तरी मिळायला हवं. सकाळी टॅब उघडल्यावर 'आज कुणाला भेटायचं, कुणाचा पाठपुरावा राहिलाय' अशी यादी समोर आली, तर ती एक यादी दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त काम करते.

वहीचा समास

एका संस्थेत मी नोंदींचं काम बघत असताना मला जुन्या वह्या चाळायला मिळाल्या. नव्या फॉर्मसाठी 'सध्या कोणती माहिती घेतली जाते' हे बघायचं होतं. वहीत छापील रकाने होते: नाव, वय, फोन, भेटीची तारीख, शेरा. ते मी टिपून घेतले आणि काम झालं असं समजले. मग नजर डाव्या समासाकडे गेली. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दुपारी २ नंतरच फोन'. 'हा नंबर बहिणीचा'. 'सासरे उचलतात, संस्थेचं नाव घ्यायचं नाही'. एका नावापुढे नुसती फुली होती. ती कसली, असं विचारल्यावर वहीवाल्या ताई म्हणाल्या, "ही भेटली की रडते. तिच्याकडे घाईत जायचं नाही, म्हणून खूण."

आमच्या नव्या फॉर्ममध्ये २६ रकाने होते. समास नव्हता.

लोक नव्या पद्धतीला विरोध करतात असं आपण सहज म्हणतो, पण त्या ताईंनी विरोध वगैरे काही केला नव्हता. त्यांना ज्या माहितीवर उद्याचं काम करायचं होतं, ती ठेवायला नव्या व्यवस्थेत जागाच नव्हती. मग त्या वही का सोडतील? आम्ही मात्र वरून त्यांना 'तंत्रज्ञानाची भीती' असल्याचं निदान करून मोकळे झालो होतो.

उलटही घडतं. ज्या गोष्टीला कामात अर्थ नाही, तिला फॉर्ममध्ये लाल चांदणी लागते, म्हणजे ती भरल्याशिवाय सुटका नाही. जन्मतारीख सक्तीची केली. अनेकांना आपली तारीख ठाऊक नव्हती, साल तेवढं अंदाजाने सांगता यायचं. फॉर्म पुढे सरकेना, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या अकलेने एकच तोडगा काढला: १ जानेवारी. पुढे यादी बघून एका विश्वस्तांनी खरोखर विचारलं होतं, की याच दिवशी एवढी बाळं कशी काय जन्मतात. सक्तीचा रकाना माहिती आणतोच असं नाही, पण काहीतरी भरून मात्र नक्की आणतो. आणि एकदा यादीत असं काहीतरी शिरलं की भरणाऱ्यांच्या लेखी ती सगळी यादीच 'वरच्यांसाठी' होऊन जाते. खरी माहिती वहीत राहते.

तेव्हा फॉर्म बनवण्याआधी वही वाचावी, आणि समासासकट वाचावी. शक्य असेल तर कार्यकर्तीबरोबर एक पूर्ण दिवस फिरावं. ती काय लिहिते यापेक्षा कधी लिहिते, कुठे उभी राहून लिहिते, लिहिताना समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे बघावं. टॅब उघडला की बोलणं थांबतं असं दिसलं, तर फॉर्म भेटीनंतर भरायचा हे तिथेच ठरून जातं.

फुकट ते महाग

आता पैशांचं. संस्थांसाठी सॉफ्टवेअर आज बऱ्याचदा स्वस्त किंवा मोफत मिळतं. लोकांच्या नोंदी आणि संपर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणारी सेल्सफोर्स कंपनी पात्र संस्थांना दहा परवाने मोफत देते. सिव्हीसीआरएम तर त्याच कामाचं, पण ना-नफा संस्थांसाठीच तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि फिल्डमध्ये माहिती गोळा करायला कोबोटूलबॉक्स जगभर वापरलं जातं. पण परवाना हा खर्चाचा सगळ्यात लहान तुकडा. दहा वर्षांच्या जुन्या नोंदी साफ करून आत घालायच्या, एकाच माणसाची तीन स्पेलिंगं जुळवायची, फॉर्म बदलत राहायचे, सोडून गेलेल्याच्या जागी आलेल्याला परत शिकवायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली गत.

आणि या मसाल्यालाच पैसे मिळत नाहीत. २००९ मध्ये ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी 'स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू'मध्ये यावर एक लेख लिहिला आणि या दुष्टचक्राला संस्थांच्या उपासमारीचं चक्र म्हटलं. ते असं फिरतं: देणगीदारांना वाटतं की कार्यालय, संगणक, हिशेब, प्रशिक्षण यांवरचा वरखर्च अगदी कमी असावा. संस्थेला वाटतं, तसं दाखवलं नाही तर निधी जाईल. म्हणून ती वरखर्च कापते आणि अहवालात तो आहे त्याहून कमी दाखवते. तो आकडा बघून देणगीदाराची समजूत आणखी पक्की होते, की बघा, एवढ्यात भागतं. पुढच्या फेरीला अपेक्षा आणखी खाली.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की सॉफ्टवेअर घ्यायला एकरकमी पैसा मिळू शकतो, कारण ते दाखवता येतं. पण ते सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही, कारण तो 'वरखर्च'. मग ते काम कुणाकडे जातं? ऑफिसात ज्याला संगणक थोडा जास्त कळतो त्याच्याकडे, त्याचं मूळ काम सांभाळून. तो दीड वर्षाने नोकरी बदलतो आणि त्याच्याबरोबर ॲडमिनचा पासवर्डही जातो. निधीचा प्रस्ताव लिहितानाच पहिल्या दोन वर्षांच्या देखभालीचे तास त्यात वेगळे मांडावेत. काही देणगीदार ते कापतील. मांडलेच नाहीत तर सगळेच कापतील.

विचारलं का कुणाला?

बदलाला होणाऱ्या विरोधावरचा एक जुना आणि गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, हारवुड कंपनीच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात झाला. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. मला त्यातला बदल किती क्षुल्लक होता याचं फार नवल वाटतं. इस्त्री करणारे कामगार अर्धा डझन पायजम्यांची चळत पुठ्ठ्याच्या सपाट तुकड्यावर रचत असत. ती आता तेवढ्याच मापाच्या खोक्यात रचायची. बस. त्यांना जमवून बैठक झाली, कारण सांगितलं गेलं, मजुरीचा नवा दर जाहीर झाला, प्रश्नांना उत्तरंही दिली गेली. फक्त ठरवताना त्यांना विचारलं नव्हतं. उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही, तक्रारी वाढल्या आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. तशाच लहान बदलाच्या वेळी ज्या गटांना आधी विश्वासात घेतलं होतं आणि नवी पद्धत आखण्यात ज्यांचा हात होता, त्यांचं काम लवकर रुळावर आलं आणि त्या काळात तिथून कुणी गेलं नाही.

यावरून 'सर्वांना सहभागी करून घ्या' असा धडा काढून लोक पुढे जातात. पण १९६० साली असाच प्रयोग नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात केला, तेव्हा उत्पादनात तसा फरक दिसला नाही. त्याच्या स्पष्टीकरणांपैकी एक असं, की कामगारांना ज्या बाबींवर विचारलं त्या त्यांच्या लेखी मुळात फार महत्त्वाच्या नव्हत्या. संस्थांत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कार्यशाळा घेतली जाते, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लागतात, सगळ्यांची मतं घेतली जातात, आणि मत कशावर? ॲपचं नाव काय ठेवावं यावर. कुठली माहिती घ्यायची, कुठली सोडायची, जुनं रजिस्टर बंद होणार का, दिवसाच्या भेटी कमी करणार का, हे आधीच ठरलेलं असतं. लोकांना ते कळतं. पुढच्या कार्यशाळेत ते चिठ्ठ्या नीट भरतात आणि गप्प बसतात.

खरा सहभाग थोडा गैरसोयीचा असतो. "हे तीन रकाने नकोत" असं कार्यकर्त्या म्हणाल्या तर त्यांतले निदान दोन खरंच काढावे लागतात, आणि ते का काढले हे देणगीदाराला पत्र लिहून सांगावं लागतं. ते पत्र एकदा लिहिलं गेलं आणि फिल्डवर कळलं, की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी थोडी पेरून बघायची

नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावर समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांचं १९६२ चं काम सगळीकडे सांगितलं जातं. त्यातला घंटेच्या आकाराचा आलेख तुम्ही पाहिला असेल: २.५ टक्के लोक सगळ्यांच्या पुढे, १३.५ टक्के त्यांच्या पाठोपाठ, मग ३४ आणि ३४ टक्क्यांचे दोन मोठे गट आणि शेवटचे १६ टक्के अगदी मागे. लहान संस्थेला या आकड्यांचा काही उपयोग नाही. बारा जणांचे २.५ टक्के म्हणजे एका माणसाचा जेमतेम तिसरा हिस्सा. शिवाय 'मागे राहणारे' हा शिक्का एकदा मारला की त्यांचं ऐकून घेणं बंद होतं, आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी बहुधा त्यांच्याचकडे असतात.

रॉजर्स यांचा जो भाग उपयोगी आहे तो वेगळा. नवी गोष्ट लवकर स्वीकारली जाण्यामागे त्यांनी पाच गुण सांगितले: जुन्यापेक्षा काहीतरी सरस असणं, रोजच्या रीतीत बसणं, किचकट नसणं, थोडीशी करून बघता येणं आणि दुसऱ्याला तिचा परिणाम दिसणं. शेवटचे दोन आपल्या हातात सर्वांत जास्त. त्यांच्याही आधी, १९४३ मध्ये, रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं याचा अभ्यास केला होता. शेतकऱ्यांना बियाण्याची पहिली बातमी बहुतेक वेळा विक्रेत्याकडून लागली, पण पटलं ते शेजाऱ्यामुळे. आणि पहिल्याच वर्षी बहुतेकांनी सगळ्या रानात पेरलं नाही. थोड्या तुकड्यात पेरून बघितलं.

संस्थेत याचं भाषांतर असं: एक टीम, एक कार्यक्रम, सहा-आठ आठवडे. टीम निवडताना अतिउत्साही माणसांची निवडू नये, त्यांना कुठलंही नवं आवडतं आणि बाकीच्यांना ते ठाऊक असतं. जिच्या शब्दाला इतर जण मान देतात, जी "बघू तरी" म्हणते, अशा एखादीला सोबत घ्यावं. तिने जेवणाच्या सुट्टीत "माझा महिन्याचा अहवाल या वेळी दहा मिनिटांत झाला" असं म्हटलं, की संचालकांच्या तीन ईमेलचं काम होतं. आणि ती "हे रद्दी आहे" म्हणाली तर? मग प्रयोग तिथेच थांबवण्याची तयारी हवी. जो प्रयोग फसू शकत नाही त्याला प्रयोग म्हणण्यात अर्थ नाही, ते नुसतं उद्घाटन.

वही मिटण्याचा दिवस

इथे येऊन बहुतेक संस्था थबकतात. प्रयोग बरा झाला, सगळीकडे सुरू केलं, "पण काही दिवस जुनंही चालू ठेवूया, न जाणो." या काही दिवसांना शेवटची तारीख नसते. दोन्हीकडे भरायचं म्हणजे दुप्पट काम, आणि थकलेला माणूस दोहोंपैकी एकच मनापासून करतो. कुठलं, ते सुरुवातीला सांगितलंच.

उलट टोकाला गेल्यावर काय होतं याचं ठळक उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचं आहे. ती सामाजिक संस्था नाही, सार्वजनिक सेवा आहे, पण धडा तोच. तिथे येणारा फोन कागदावर उतरवला जाई आणि तो कागद सरकत्या पट्ट्यावरून रुग्णवाहिका पाठवणाऱ्यांपर्यंत जाई. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे सगळं काम संगणकावर गेलं, अख्ख्या शहराचं एकदम. कोणती गाडी कुठे आहे याचा संगणकाला नीट पत्ता लागेना, इशाऱ्यांचे संदेश पडद्यावर साचत गेले, मदत पोहोचायला उशीर झाला म्हणून लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले, आणि त्या फोनांनी गोंधळ आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी अर्धवट जुन्या पद्धतीवर परतावं लागलं. ४ नोव्हेंबरला यंत्रणा पूर्ण बंद पडली आणि काम पुन्हा हाताने सुरू झालं. नंतरच्या चौकशीत तांत्रिक दोष निघालेच, पण मला लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. कर्मचाऱ्यांचा यंत्रणेवर विश्वास नव्हता, आणि त्यांचं प्रशिक्षण इतकं आधी उरकलं होतं की प्रत्यक्ष दिवस उजाडेपर्यंत बरंच विसरायला झालं होतं.

तेव्हा वही एका रात्रीत हिसकायची नाही आणि कायमची उघडीही ठेवायची नाही. दोन्ही सोबत चालण्याचा काळ लहान असावा, महिनाभर पुरे, आणि त्याची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर व्हावी. त्या महिन्यात दर आठवड्याला वहीतल्या दहा नोंदी आणि टॅबवरच्या त्याच दहा नोंदी शेजारी ठेवून बघाव्यात. फरक निघाला तर बहुतेक वेळा दोष फॉर्मचा असतो. दुप्पट कामाच्या या महिन्यात भेटींचं लक्ष्य कमी करावं. ते न करता "थोडे दिवस सांभाळून घ्या" म्हणणं म्हणजे संस्थेचा खर्च कार्यकर्त्यांच्या संध्याकाळीतून वसूल करणं. आणि प्रशिक्षण सुरू होण्याच्या आठवड्यात घ्यावं, तिमाहीच्या आराखड्यात रिकामी जागा दिसली म्हणून नव्हे.

बदलाच्या काळात माणसाच्या मनाचं काय होतं यावर लिहिणारे विल्यम ब्रिजेस म्हणत, की बदल बाहेर घडतो, पण माणसाच्या आतलं स्थित्यंतर सुरू होतं ते काहीतरी संपण्यापासून. जुनं काय संपतंय हे मोकळेपणाने न बोलता नव्याचं कौतुक सुरू केलं की माणसं अडून बसतात. वही गेली की तिच्याबरोबर काय काय जातं बघा: इतक्या वर्षांचं अक्षर, 'सगळं ताईंना विचारा' हा मान, आणि आपल्या माणसांची माहिती आपल्याच पिशवीत असल्याचा भरवसा. हे तोंडाने कबूल करायला काही खर्च येत नाही.

एक अडथळा मात्र वरूनच येतो. सगळं नव्या यंत्रणेत आलंय, आकडे तिथे दिसतायत, आणि विश्वस्तांची बैठक उद्यावर आल्यावर संचालकांचा मेसेज येतो: "तेवढे आकडे मला पटकन व्हॉट्सॲपवर टाक ना." या एका वाक्याने सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाते, कारण त्यातून सगळ्यांना कळतं की साहेबसुद्धा तिथे बघत नाहीत. संचालकांनी आकडे स्वतः उघडून बघायचे, दिसले नाहीत तर "दिसत नाहीत" म्हणायचं आणि वाट बघायची. ज्या संस्थेत हे एवढं पाळलं जातं तिथे बाकीच्या अर्ध्या गोष्टी आपोआप होतात.

आणि ही माहिती कुणाची?

वहीत एक गुण होता: ती हरवली तर एका वहीपुरतंच नुकसान व्हायचं. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीवर झालेला सायबर हल्ला उघड झाला. युद्धात किंवा आपत्तीत घरच्यांपासून ताटातूट झालेल्या, बेपत्ता, कैदेत असलेल्या अशा ५ लाख १५ हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात उघडी पडली. समितीला कुटुंबांची गाठ घालून देणारी आपली यंत्रणाच काही काळ बंद ठेवावी लागली. २०२० मध्ये ब्लॅकबॉड या संस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा तिचे ग्राहक असलेल्या हजारो संस्थांच्या देणगीदारांची माहिती धोक्यात आली.

लहान संस्थेकडे सुरक्षातज्ज्ञ नसतो. पण कमी माहिती गोळा करणं तिला नक्की जमतं. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही. ते २६ रकाने पुन्हा एकदा काढून बसायचं आणखी एक कारण.

आमचे शेवटी १४ झाले. जन्मतारखेच्या जागी 'अंदाजे वय' आलं. आणि एक नवा रकाना आला, तोही ताईंच्याच आग्रहाने: 'संपर्क करताना'. तो सक्तीचा नाही आणि त्यातलं काही अहवालात जात नाही. तो फक्त त्या त्या कार्यकर्तीला आणि तिच्या बदलीवर जाणाऱ्या माणसाला दिसतो. ताईंनी समासातल्या नोंदी स्वतः बसून त्यात उतरवल्या, दोन दुपारी लागल्या. ठरल्या तारखेला वहीच्या शेवटच्या पानावर आडवी रेघ ओढली, खाली तारीख घातली, त्यांनी सही केली आणि मीही. ती वही कपाटात जाणार होती. त्यांनी ती आपल्या टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाल्या, "लिहिणार नाही. पण असू दे."